चार बोटांचा उंबरठा

गिरजाबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि त्या भांडणात माझी बाजू चुकीची होती, हे आधीच सांगून टाकतो.

अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आमच्या वाडवडिलांनी कधी पाहिला नव्हता. अमरावतीच्या कापूसबाजाराला लागून मी एका शेटजींची वखार बांधत होतो. मी तेव्हा तिशीतला गवंडी, हाताखाली सहा माणसं आणि डोक्यात हवा भरपूर. जोतं चांगलं एक हात उंच घेतलं होतं आणि त्यावर फरशी बसवणं चाललं होतं. वांग्यांची पाटी डोक्यावर घेतलेल्या एक बाई रस्त्यात थांबल्या आणि म्हणाल्या, “जोतं एवढं उंच काहून घेतलं रे?”

“कापसाले ओल लागू नये मून,” मी म्हणालो.

त्यांनी मानेनेच भिंतीकडे खूण केली. वखारीच्या भिंतीला लागून, सांडपाण्याच्या नालीच्या काठावर, गोणपाटावर एक म्हातारे गृहस्थ निजले होते. पुंजाजी त्यांचं नाव. दर्यापूरकडून कापसाच्या गाड्या हाकत त्यांची हाडं झिजली होती. बाई म्हणाल्या, “अन् याले लागली तं चालते?”

मला राग आला. मला वखार बांधायला सांगितली आहे, धर्मशाळा नाही, असं मी तोडून सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “सांगतलं ते तू बांधतं. बैल बी तेच करते.” आणि वांगी विकायला पुढे गेल्या. माझे सहाही गडी खाली मान घालून हसत होते. मी दिवसभर धुमसत राहिलो आणि त्या दिवशी बसवलेल्या फरशीचा एक दगड अजून वाकडा आहे.

बाईंना या वर्षी पंचाहत्तरावं वर्ष लागत आहे, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला. चिटणीसांनी पत्रात बजावलं आहे की भाषा सौम्य असावी आणि शुभप्रसंगी कटू आठवणी टाळाव्यात. चिटणीस विद्वान आहेत, मी नाही. पण कारल्यातलं कडू काढायला बसलं तर कारलंच शिल्लक राहत नाही, एवढं मला कळतं. मी अक्षरं पाटीवर शिकलो नाही. देणगीदारांची नावं दगडावर कोरता कोरता शिकलो, त्यामुळे माझं अक्षर जरा खोल जातं. त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षांत या शहरात काय चाललं होतं ते आजच्या तरुण मंडळींना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते विसरल्याचं सोंग करतात. कापसाला छप्पर हवं होतं. वखारी पुरेनात, तेव्हा माणसांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या कापसाला दिल्या. आधी मागची खोली गेली, मग माजघर गेलं. कापूस भिजला तर नुकसान, आणि म्हातारं माणूस भिजलं तर खोकतं, एवढाच काय तो फरक. म्हणून कापूस आत आला आणि म्हातारी माणसं बाहेर ओट्यावर गेली. चार दिवसांसाठी, असं प्रत्येक घरात सांगितलं गेलं. बाईंचा शहराच्या परकोटाच्या भिंतीबाहेर भाजीचा मळा होता. यजमान मळा पाहायचे आणि बाई दारोदार भाजी विकायच्या. पदर सावरत त्या प्रत्येक दारात आधी विचारायच्या, “बुढी कुठी हाय?” पूर्वी उत्तर यायचं, “आत हाय.” त्या दोन वर्षांत गल्लीच्या गल्ली एकच उत्तर द्यायला लागली, “बाहेर हाय.” बाई सांगतात, तो शब्द ऐकून ऐकून त्यांचे कान किटले.

आणि माझ्या घरी काय होतं? माझ्या घरी दोन खोल्या होत्या आणि दोन्हींत शेटजींचा कापूस होता. माझे वडील, ज्यांनी माझ्या हातात पहिली थापी दिली, ते ओट्यावर निजायचे. बाई माझ्या बायकोला भाजी द्यायच्या. वखारीसमोर मला बैल म्हणाल्या तेव्हा त्यांना हे सगळं माहीत होतं. माझ्या गड्यांसमोर त्यांनी ते काढलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा मला फार उशिरा कळला.

त्या हिवाळ्यात वडील ओट्यावरच गेले. सकाळी बायको कोंबड्या हाकलायला बाहेर आली तर ते थंड होते, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे कापूस उबेत होता. मी कापूस खोलीबाहेर काढला, पण तेव्हा त्याचा काय उपयोग? तेरावा झाला आणि मी बाईंच्या मळ्यात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “बाई, काय बांधू ते सांगा.”

बाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, “मले काय मालूम? ज्याले राहाचं हाय त्याले इचार.” मग जुड्या बांधायची दोरी गुंडाळून कमरेला खोचली आणि उठल्या. त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं.

म्हाताऱ्यांसाठी घर कसं असावं याचा नकाशा तेव्हा कोणाकडेच नव्हता. या प्रकाराला शब्दसुद्धा नव्हता. धर्मशाळा असते ती वाटसरूंची, मठ असतो तो बैराग्यांचा. चांगली लेकरं-बाळं असलेल्या माणसांनी भरबाजारात एकत्र राहायचं घर, हे ऐकून लोक हसायचे. बाईंनी नकाशा केला तो त्या दोरीने. त्या ओट्याओट्यावर जायच्या, म्हाताऱ्या माणसाला उभं करायच्या आणि आपली बोटं जमिनीवर एकावर एक रचून म्हणायच्या, “आजी, यावरून पाय टाक बरं.” कोणाचा पाय सहा बोटं उचलायचा, कोणाचा तीन. शेवटी सगळ्यांत कमी पाय उचलणाऱ्या माणसाची गाठ त्यांनी दोरीला मारली. ती दोन बोटांची होती. मग माणूस किती उंचीवरून हाताचा टेकू न घेता उठतो, त्याची गाठ. भिंतीला धरून चालताना हात कुठे जातो, त्याची गाठ. एका दमात किती पावलं चालतो, त्याची आणखी एक गाठ. पंधरा दिवसांत ती दोरी जपमाळेसारखी झाली. मी आयुष्यात मोठमोठ्या साहेबांचे नकाशे हाताळले, पण त्या दोरीइतका खरा नकाशा मला परत मिळाला नाही.

जागा मागायला आम्ही माझ्या शेटजींकडेच गेलो. शेटजींना पुण्य हवं होतं, पण कापसाच्या आड न येणारं हवं होतं. ते म्हणाले, “परकोटाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर माझी जागा आहे. झाडी आहे, शांत आहे, म्हाताऱ्यांना आणखी काय पाहिजे?” बाई म्हणाल्या, “शेटजी, गावाबाहेर मसणात जाचंच हाय. आत्तापासून काहून नेता?” म्हाताऱ्याला शांतता नको, रस्ता हवा. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या बैलाने शेपूट उडवली, हे दिसायला हवं. हे बाईंनी शेटजींना त्यांच्याच गादीसमोर उभं राहून ऐकवलं, आणि मुनीम तोंडात बोटं घालून बघत राहिले.

शेवटी शेटजींनी बाजारामागचा एक खोलगट तुकडा दिला. तिथे ओल इतकी होती की कापूस ठेवता येत नव्हता. कापसाला जी जागा चालली नाही ती माणसांना मिळाली. वर अट होती की पोळ्याच्या दिवशी घरात बारा माणसं राहती दिसली पाहिजेत, नाहीतर घरासकट जागा परत, म्हणजे तिथे वखार. आणि दर्शनी भिंतीवर शेटजींच्या नावाची शिळा. ती शिळा मीच कोरली. आजही कोणी परगावचा माणूस आला की तिच्यापुढे उभा राहून शेटजींच्या दातृत्वाने गहिवरतो. माझं कोरीव काम चांगलं झालं याचा पस्तावा मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

ओलीच्या जागेला उंच जोतं हवं, उंच जोत्याला पायऱ्या हव्यात, आणि बाईंच्या दोरीवर पायरीची गाठच नव्हती. मी हात टेकले. बाई म्हणाल्या, “वखारीत हातगाडी कशी चढवतं?” मी म्हणालो, उतार करून. “मंग कापसाले उतार जमते, बुढ्याले नाई जमत?” मी वखारीला केला होता त्याच्या तिप्पट लांबीचा, अगदी निवांत चढणारा उतार रस्त्यापासून दारापर्यंत केला. भिंतीच्या कडेने निजायचे ओटे एक हात उंच केले. वखारीचं जोतंही एक हातच होतं, हे बांधताना माझ्या लक्षात आलं. भिंतींना कमरेच्या उंचीवर मेळघाटातल्या सागाचे दांडे बसवले. संडासाच्या वाटेवर वीस पावलांवर एक बसायचा कट्टा. खिडक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि सगळ्या रस्त्याकडे. आणि दारांना कुठेही उंबरठा नाही, कारण दोन बोटं पाय उचलणाऱ्या माणसाला उंबरठा म्हणजे डोंगर.

इथून पुढचं लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. बाईंनी तर आयुष्यभर हे कोणाला कळू दिलं नाही. पण गौरवग्रंथात फक्त हार घालायचे आणि ते ज्याच्यामुळे मिळाले ते झाकायचं, हे मला मान्य नाही.

घर तयार झालं आणि म्हातारी माणसं येईनात. पोळा नऊ दिवसांवर आला तरी चारच माणसं आत होती. पुंजाजी, ज्यांना आम्ही नालीच्या काठावर पाहिलं होतं आणि ज्यांच्या गुडघ्यांवरून ओट्याची उंची ठरली होती, तेही उतार चढून आले, दारात थांबले, खाली पाहिलं आणि परत फिरले. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, “गिरजा, तू लय चांगलं केलं. पन ज्याले उंबरठा नाई त्याले घर मनत नाई, वखार मनते. मी का कापूस हाव?”

आपल्याकडे घराला उंबरठा असतो. लक्ष्मी त्यावरून आत येते, नवी सून त्यावरचं माप ओलांडते, रोज सकाळी त्यावर हळदकुंकू पडतं. उंबरठ्याशिवायचं दार गोठ्याला असतं नाहीतर वखारीला. ओट्यावर टाकलेल्या माणसांना आधीच घर उरलं नव्हतं, आणि आता आम्ही त्यांना सांगत होतो की हे तुमचं घर, फक्त याला घराची खूण नाही. बाई म्हणाल्या, समजावू, पटेल. आणि दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याला गेल्या. तिथे थोरल्या दिरांकडे त्यांच्या सासूबाई होत्या, कोंडाबाई. दिरांनीही घर कापसाने भरलं होतं आणि कोंडाबाई बाहेरच्या छपरीत होत्या. डोळे जवळजवळ गेलेले. बाईंनी ठरवलं होतं की दुसऱ्यांच्या आयांना घर देण्याआधी आपल्या सासूला द्यायचं.

बाई नसताना मी पुंजाजींचं ऐकलं. मला पुंजाजी पटले होते, आणि पोळ्याची भीतीही होती. भर दुपारी सागाचं एक लाकूड तासलं आणि मुख्य दारात उंबरठा बसवला. जास्त उंच केला नाही. चार बोटं. चार म्हणजे काय मोठंसं, असं मी स्वतःला सांगितलं. दोरीवरची दोन बोटांची गाठ मला माहीत होती. ती ज्या हातांनी मोजली ते हात अकोल्याला होते, म्हणून मी ती विसरलो.

दुसऱ्याच दिवशी पुंजाजी आले. उंबरठ्याला हात लावून हात कपाळाला नेला, दांडा धरून पाय टाकला आणि आत गेले. पाठोपाठ रीघ लागली. बायांनी हळदकुंकू वाहिलं. दोन दिवसांत अकरा माणसं झाली. जो तो चौकटीला धरून, खाली बघून, जपून ओलांडत होता. मी रस्त्यावर उभा राहून मिशीला पीळ देत होतो. बाईंना चार गोष्टी आपणही शिकवू शकतो, असं मला वाटत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अकोल्याची गाडी आली. बाईंनी कोंडाबाईंचा हात धरून त्यांना उतारावरून वर आणलं. गाडीत तीन दिवस त्या सासूला एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, “मामी, तिथी उंबरठा नाई, पायरी नाई. भिऊ नको, पाय घासत चाल.” आयुष्यभर सुनेवर कुरकुरलेल्या त्या म्हातारीने पहिल्यांदाच सुनेचा शब्द खरा मानला. दांडा धरला नाही, चाचपडल्या नाहीत, पाय घासत, निर्धास्त चालत आल्या आणि माझ्या चार बोटांवर आदळल्या. बाई सासूच्या तोंडाकडे बघत चालल्या होत्या, त्यांच्या हातातून हात सुटला. हाड मोडल्याचा आवाज मी रस्त्यावर ऐकला.

हाडवैद आला आणि मान हलवून गेला. खुब्याचं हाड होतं. कोंडाबाई पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोळ्याला बैल सजून बाजारातून फिरले, शेटजींचे मुनीम आले आणि माणसं मोजून गेले. अकरा बसलेली होती, बारावी निजलेली होती. बारा भरली. घर वाचलं. मी उंबरठा बसवला नसता तर अकरा आलीच नसती आणि आज तिथे वखार असती, आणि बसवला म्हणून एका म्हातारीचा पाय गेला. तीस वर्षं मी या दोन गोष्टी मांडून पाहतो आहे. एकीने दुसरी फिटत नाही. मला कोणी सांगू नये की शेवट गोड झाला.

मी पटाशी घेऊन उंबरठा उखडायला गेलो तेव्हा बाई दारात आल्या. त्या ओरडतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी ओरडायला हवं होतं. त्या माझ्यासमोर बसल्या, बोटं उंबरठ्याला लावून मोजली आणि म्हणाल्या, “काढू नको. जमिनीत घाल.”

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, “खाली चर खंद अन् तेवढाच खाली बसव. दिसला पायजे, हाताले लागला पायजे, पायाले नाई लागला पायजे. पुंजाजी बरोबर बोलला होता, महादू. मी पाय मोजले. घर मोजाचं राह्यलं.”

चूक माझी होती, आणि त्यांनी स्वतःची शोधून काढली. मी चर खणला, चुना भरला आणि लाकूड फरशीच्या पातळीत बसवलं, एक केसभरही वर नाही. हळदकुंकू वाहायला उंबरठा राहिला आणि अडखळायला राहिला नाही. मी पुढे सरकारी कामावर मिस्त्री झालो, मोठे पूल बांधले, पण माझ्या हातून झालेलं चांगलं काम कोणतं असं विचारलं तर मी ते हातभर लाकूड दाखवीन. आणि त्यातलंही डोकं माझं नव्हतं.

बाईंनी मला कामावरून काढलं नाही. उलट रोज सकाळी कामावर जाण्याआधी कोंडाबाईंना ओट्यावरून उचलून खिडकीशी नेऊन बसवायचं काम मला दिलं. शिक्षा म्हणून दिलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “शिक्षा कायची? तुह्याइतका धडधाकट गडी मले भेटला नाई.” कोंडाबाई संक्रांतीपर्यंत जगल्या. रस्ता त्यांना दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. मी उचललं की त्या माझ्या कानाशी म्हणायच्या, “सांभाळून रे बापा, उंबरठा असन.” मी रोज सांगायचो, “नाई मामी, आता नाई.” त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, कोणास ठाऊक.

मग लढाई संपली आणि भाव पडले. रात्रीतून माजलेली माणसं दिवसा तोंड लपवायला लागली. वखारी रिकाम्या झाल्या, घरातल्या खोल्या रिकाम्या झाल्या. मी वाट पाहत होतो की आता ओट्यावरची माणसं आत जातील. फारशी कोणी गेली नाहीत. कापूस गेला तरी म्हाताऱ्यांची घरातली जागा दुसऱ्या कशाने तरी भरून निघाली होती. कापूस हे कारण नव्हतंच, निमित्त होतं, हे मला तेव्हा कळलं. बाईंना ते आधीपासून ठाऊक असावं, कारण त्यांनी घर दगडाचं बांधून घेतलं होतं, चार वर्षांसाठी कुडाचं नाही.

आता या ग्रंथाच्या निमित्ताने समितीने जे ठरवलं आहे त्याबद्दल. बाईंच्या गौरवार्थ घरासमोर एक दगडी महाद्वार उभारायचं आहे, असं मला कळवण्यात आलं. पाच पायऱ्या, वर कमान, कमानीवर बाईंचं नाव आणि जुन्या थाटाचा चांगला वीतभर उंच दगडी उंबरठा. उतार काढून टाकायचा, कारण तो वखारीसारखा दिसतो. काम मी पाहावं, अशी विनंती आहे.

समितीतल्या मंडळींना मी त्यांच्या लहानपणापासून ओळखतो. त्यांच्यातल्या दोघांच्या आज्या त्या उतारावरून आत गेल्या आणि तिथेच निवर्तल्या. नातवांना उतार वखारीसारखा दिसतो, यात नवल नाही, ते तो कधी चढले नाहीत. पंचाहत्तर वर्षांच्या बाईंचं नाव अशा दारावर घालायचं जे त्यांना स्वतःला ओलांडता येणार नाही, याला गौरव म्हणत असतील तर अपमानाला दुसरा शब्द शोधावा लागेल. मी हे काम करणार नाही. दुसरा कोणी गवंडी करायला आला तर मी त्या उतारावर आडवा पडेन, आणि मला उचलायला चार माणसं लागतील एवढं माझं वजन अजून आहे. शेटजींची शिळा मी कोरली ती एक चूक पुरे झाली. बाईंचं नाव लिहायचंच असेल तर त्या जमिनीतल्या लाकडाशेजारी, फरशीवर, लहान अक्षरात लिहा. म्हाताऱ्या माणसांची नजर चालताना खालीच असते. त्यांना वाचता येईल.

हा लेख लिहिण्याआधी गेल्या आठवड्यात मी बाईंना भेटायला गेलो. त्या आता दारालगतच्या खोलीत राहतात आणि कोण आलं ते पावलांवरून ओळखतात. मला म्हणाल्या, “महादू, पाय वढून चालून राहिला तू.” मी म्हणालो, वय झालं. त्यांनी उशाखालून ती दोरी काढली, गाठी काळ्या पडलेली, आणि मला उभं केलं. स्वतः भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या, बोटं जमिनीवर रचली आणि म्हणाल्या, “टाक बरं पाय.”

मी पाय टाकला. तो त्यांच्या तिसऱ्या बोटाला लागला. त्यांनी एक बोट काढलं आणि पुन्हा टाकायला लावला. मग हसल्या. “दोन. तुह्या त्या उंबरठ्यावर आता तूच पडला असता.” आणि आतला भिंतीकडचा एक ओटा रिकामा आहे, तो कोणाला देऊ नका असं त्यांनी माझ्यादेखत सांगून ठेवलं. तो कोंडाबाईंचा ओटा आहे.

गिरजाबाईंना उदंड आयुष्य लाभो, निरोगी लाभो, हे मी सर्वांबरोबर मागतो. पण माझं मागणं थोडं जास्त आहे. त्यांनी शंभर वर्षं जगावं, त्या घरातून बाजारात रोज जावं आणि रोज परत यावं, आणि या शहरातल्या कोणत्याही दाराने त्यांना पाय उचलायला लावू नये. मी मात्र पुढच्या महिन्यात त्या उतारावरून वर जाईन तेव्हा दारात थांबेन, खाली वाकता आलं तर वाकून त्या लाकडाला हात लावेन, आणि मग पाय घासत, निर्धास्त आत जाईन.